रिकामा महाद्वार रोड: मे महिन्यातले चार दिवस

मे महिन्यातल्या महाद्वार रोडबद्दल कोल्हापुरात विचारलं की दोन उत्तरं मिळतात. "लई गर्दी असती, नका जाऊ" हे एक, आणि "दुपारचं कोण फिरकतंय तिकडं?" हे दुसरं. दोन्ही बरोबर आहेत. शाळा-कॉलेजं बंद, क्लास संपलेले, पेठांमधली कितीतरी घरं आजोळी, गावाला नाहीतर कोकणात गेलेली. त्याच वेळी बाहेरगावची कुटुंबं अंबाबाईच्या दर्शनाला लोटलेली. शहरातल्या माणसांनी मोकळा केलेला रस्ता पाहुण्यांनी भरतो, पण तोही ठरावीक तासांपुरता. उरलेल्या तासांत तो खरोखर रिकामा असतो. ते तास कोणते, हे सावली घड्याळापेक्षा नेमकं सांगते.

रस्त्याची मांडणी सोपी आहे. दक्षिणेला बिनखांबी गणेश मंदिर, उत्तरेला पापाची तिकटी (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा) आणि मधे पूर्वेच्या अंगाला देवळाचा पश्चिमेकडचा मोठा दरवाजा, म्हणजे महाद्वार. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रमतगमत दहा-बारा मिनिटं. महाद्वारासमोरून ताराबाई रोड पश्चिमेला रंकाळा वेशीकडे जातो. गुजरी पूर्वेला भाऊसिंगजी रोडकडे निघते. म्हणजे महाद्वार रोड दक्षिणोत्तर आणि त्याला फुटणारे हे दोन रस्ते पूर्व-पश्चिम. दिशांची ही उठाठेव कशासाठी, ते दुसऱ्या दिवशी उन्हात कळतं.

रविवार, ३ मे

पहिला दिवस मुद्दाम रविवारचा घ्यावा, तोही यंदाच्यासारखा, म्हणजे २०२६ सारखा, १ मेच्या जोड सुट्टीचा शेवटचा. रिकामा रस्ता बघायचा तर भरलेला आधी बघितलेला बरा, नाहीतर काय गेलं ते समजत नाही. शिवाय यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, त्याआधी कार्यं उरकायची म्हणून लग्नाच्या खरेदीची गर्दीही याच दिवसांत.

मध्यवर्ती बसस्थानकापासून देऊळ दोन-अडीच किलोमीटर. रिक्षा किंवा केएमटी, म्हणजे शहर बस, दोन्ही सोयीचं. स्वतःची गाडी असेल तर ती देवळाच्या जवळ नेण्याचा मोह टाळावा. सगळे आधी बिंदू चौकाच्या पार्किंगला जातात, ते भरलेलं असतं, मग गल्लीबोळांतून चकरा सुरू होतात आणि प्रत्येक तिकटीला समोरून तसाच चकरा मारणारा दुसरा भेटतो. गाडी दसरा चौकाच्या बाजूला लावून पुढं चालत गेलं तर वीस मिनिटं जातात, पण ती हिशेबातली वीस मिनिटं असतात.

पहिल्या दिवशी दुपारी काहीच करू नये. खोलीवर पडून राहावं. साडेपाच-सहाला बाहेर पडून बिनखांबीपासून महाद्वार रोडला लागावं. गणपतीचं देऊळ नावाप्रमाणे आतून खांब नसलेलं, वर घुमट. उन्हातून आल्यावर आत थंड वाटतं. इथून पुढं दोन्ही बाजूंना साड्या, खण, बांगड्या, भांडी, प्रसादाचे पेढे, आणि रस्त्यावर हातगाड्या नि पथाऱ्या. गणपती विसर्जनाची मिरवणूक मिरजकर तिकटीकडून येऊन याच रस्त्याने पापाची तिकटी, गंगावेश करत पंचगंगेला जाते. रस्त्याची रुंदी किती अपुरी आहे याचा अंदाज रविवारी संध्याकाळीही येतो.

चालायचं कसं तेही सांगण्यासारखं आहे. मधून चालणारा अडकतो, कारण दुचाक्या मधून येतात. दुकानांच्या पायऱ्यांलगत चालणाराही अडकतो, कारण तिथं माणसं भाव करत उभी असतात. हातगाड्यांची ओळ आणि दुकानं यांच्यामधली जी चिंचोळी फट असते, तीच चालती वाट. महाद्वाराच्या तोंडाशी मात्र ओटीवाल्या, गजरेवाल्या आणि चपला शोधणारे दर्शनार्थी एकत्र येतात. तिथं घाई करून उपयोग नाही.

देवळात रात्री शेजारती होते आणि साधारण दहाच्या सुमारास दर्शन थांबतं. त्यानंतरचा अर्धा तास हे पहिलं रिकामपण. ते हळूहळू येत नाही. आधी हातगाड्यांवरचे दिवे जातात, मग शटरं, एकामागून एक, आणि पावणेअकरापर्यंत रस्त्यावर फुलांच्या देठांचा आणि नारळाच्या शेंडीचा कचरा तेवढा राहतो. इमारतींचे वरचे मजले यावेळी पहिल्यांदा दिसतात. दिवसभर नजर पाट्यांच्या वर जातच नाही. रात्री पाट्या विझल्यावर जुन्या वाड्यांचे लाकडी सज्जे, कोरीव कंस, मधेच उभं राहिलेलं सिमेंटचं काम असं सगळं एका रांगेत दिसतं. पुढं कुठलं घर दिवसा बघायचं ते आत्ताच ठरवून ठेवावं.

सोमवार, ४ मे

पहाटे पाचला गंगावेश. पापाची तिकटीपासून वायव्येला, चालत सात-आठ मिनिटं. इथल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. ग्लासात निम्म्याच्या वर फेस असतो. तो बसायच्या आत प्यायची पद्धत आहे. ज्याला सवय नाही त्याने अर्ध्या ग्लासावर थांबावं, कारण म्हशीचं दूध जड आणि पुढं दिवसभर ऊन आहे. न तापवलेल्या दुधाची जोखीम असतेच, त्यामुळे लहान मुलांना आणि तब्येत नाजूक असलेल्यांना तापवलेलंच द्यावं, यात कमीपणा काही नाही. पैलवान पितात म्हणून आपणही पिणं हा न्याय तालमीबाहेर चालत नाही.

तिथून पंचगंगा घाट दहा मिनिटांवर. पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या पायऱ्या आणि छोटी देवळं मे महिन्यात पूर्ण उघडी असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची. कोल्हापूरकर जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे विचारतात. मेमध्ये घाटाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहून वर बघितलं की ते आकडे किती उंच आहेत ते कळतं. सुट्टीतली पोरं इथं सहापासून पोहायला उतरतात, नवशिक्यांच्या पाठीला डबा बांधलेला. घाटालगत पाणी उथळ दिसलं तरी तळ सारखा नाही. रोजच्या पोहणाऱ्याला विचारल्याशिवाय उतरू नये.

सव्वासहापर्यंत परत महाद्वारासमोर यावं. सूर्योदय सहा वाजून पाच-सहा मिनिटांनी होतो, पण महाद्वार रोडवर ऊन लगेच येत नाही. पूर्वेच्या इमारतींची सावली पूर्ण रस्ता झाकते. यावेळी रस्त्यावर झाडणारे महापालिकेचे कामगार, सायकलवर पेपर टाकणारी मुलं, आणि दाराशी बसलेल्या फुलवाल्या. एवढंच. देऊळ मात्र पहाटेपासून जागं असतं, म्हणून हे रिकामपण गावाच्या झोपेचं नव्हे, बाजाराच्या झोपेचं.

फोटो काढणाऱ्यांची इथं हमखास फसगत होते. महाद्वाराचं तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे, त्यामुळे दरवाजा काळा आणि आकाश पांढरं येतं. यावर उपाय दोन. एक, सहाच्या आत, आकाश निळसर असताना आणि दिवे चालू असताना काढावा. दोन, सकाळी दरवाजाचा नाद सोडून रस्त्याकडे वळावं, कारण पावणेसातनंतर पश्चिमेकडच्या घरांच्या वरच्या मजल्यांवर पिवळं ऊन येतं आणि खालचा रस्ता सावलीत असतो. दरवाजावर चांगलं ऊन संध्याकाळी पाचनंतर पडतं, पण तेव्हा समोर दोनशे माणसं असतात. रिकामा रस्ता आणि उजळलेलं महाद्वार एका फोटोत मिळत नाही, हे मान्य करून टाकावं.

याच पश्चिम दिशेमुळे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून मूर्तीपर्यंत जातात, तो किरणोत्सव. मेमध्ये सूर्य त्या रेषेच्या बराच उत्तरेला मावळतो, तेव्हा "आत्ताही दिसतं का" असं पुजाऱ्यांना विचारू नये. रोज विचारतात.

आठच्या सुमारास मिसळ. उशीर करण्यात अर्थ नाही: चांगल्या ठिकाणी दुपारपर्यंत संपते, आणि कट ढवळून ढवळून शेवटी तर्री वर राहत नाही. कोल्हापुरात सोबत ब्रेडचे स्लाइस येतात. पाव मागितला तर मिळेलही, पण वाढणारा एकदा बघून घेतो. कट वेगळा मागून घ्यावा आणि थोडा थोडा ओतावा. सुरुवातीलाच सगळा ओतला तर फरसाण लगद्यासारखं होतं.

आता सावलीचा हिशेब. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य माध्यान्हीला साडेबाराच्या सुमारास येतो, बाराला नाही, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला आहोत. दहा मीटर उंचीची, म्हणजे साधारण तीन मजली इमारत धरली तर सकाळी नऊला तिची सावली बारा मीटर पडते. दहाला सात मीटर. अकराला चार मीटरही नाही. साडेबाराला शून्याजवळ. दुपारी दोनला पुन्हा चार मीटर, पण आता पश्चिमेच्या बाजूची. साडेतीनला नऊ मीटर. महाद्वार रोड दक्षिणोत्तर असल्यामुळे ही सावली नेमकी रस्त्याला आडवी पडते. म्हणून सकाळी पूर्वेची बाजू धरावी आणि दुपारी पश्चिमेची. बाहेरगावचे लोक साडेनऊला पूर्वेच्या बाजूने चालायला लागतात आणि दोन वाजताही त्याच बाजूने भाजत परत येतात.

ताराबाई रोडचं उलट आहे. तो पूर्व-पश्चिम, आणि मेमध्ये सूर्य सकाळी पूर्वेला, डोक्यावर आणि मग पश्चिमेला असा जवळजवळ त्याच रेषेत फिरतो. त्यामुळे त्या रस्त्याला दिवसभरात धड सावली अशी मिळत नाही. कपिलतीर्थ मंडईत भाजीला जाणारे म्हणूनच सकाळी लवकर उरकतात. रंकाळ्याला जायचं तर ताराबाई रोडने दुपारी जाऊ नये, संध्याकाळी सूर्य डोळ्यांत येतो हेही लक्षात ठेवावं.

दुपारी एक ते चार हे दुसरं रिकामपण, आणि खरं तर तेच मुख्य. दुकानं सगळी बंद नसतात. शटर अर्धं खाली असेल तर मालक आत गादीवर आडवा आहे असं समजावं. आवाज दिला तर उठतो, पण वस्तू दाखवायचा उत्साह त्याच्यात नसतो. "आत्ता कुठं उन्हाचं? चारला या की निवांत." हा सल्ला धंदा टाळायचा नसतो, खरा असतो. देवळात दर्शनाची रांग मात्र यावेळी तुलनेने लहान. फक्त चपला बाहेर काढल्यावर दगडी फरशी तळव्यांना चटके देते. जाड मोजे घालून जावं आणि जिथं अंथरलेलं किंवा पाणी मारलेलं असेल तिथूनच चालावं. मूल कडेवर घ्यायची तयारी ठेवावी.

चपला घ्यायच्या असतील तर शिवाजी चौकाजवळची चप्पल लाइन, वेळ दुपारी चार ते साडेपाच. कारण दोन आहेत. गर्दी अजून आलेली नसते, आणि उन्हात फिरून पाय जरा सुजलेले असतात, त्यामुळे माप फसत नाही. कोल्हापुरी चप्पल अंगठ्यात आणि पट्ट्यात सुरुवातीला घट्टच बसली पाहिजे. कातडं वापरून सैल होतं. दुकानातच आरामशीर वाटलेली चप्पल दोन महिन्यांत टाचेमागे निसटते. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, म्हणून त्याला पाणी सोसत नाही: भिजली की तळ फुगतो, उन्हात वाळवली की वाकडा होतो. भिजलीच तर सावलीत, कागद कोंबून वाळवावी. नवी चावत असेल तर पट्ट्याच्या आतून रात्री तेलाचं बोट फिरवून ठेवावं, सकाळी तासभर घरात घालावी, मग रस्त्यावर. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. शिलाई बघताना तळाच्या कडेला हात फिरवावा: कातडी वादीची शिवण खरबरीत लागते, चिकटवलेली गुळगुळीत.

मंगळवार, ५ मे

आज भाऊसिंगजी रोड. सुट्टीत खरा ओस पडलेला रस्ता बघायचा तर सीपीआर रुग्णालयाकडून सुरुवात करून शिवाजी चौक आणि पुढं भवानी मंडप असं सकाळी साडेआठला चालावं. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून हा दिवस मंगळवारचा. बाग आणि गॉथिक धाटणीची इमारत, दोन्ही दुपारी आडोसा म्हणून उपयोगी.

एरवी या रस्त्यावर सकाळी विद्यार्थ्यांचा लोंढा असतो. भवानी मंडपाला लागून मेन राजाराम हायस्कूल, आसपास क्लास आणि पुस्तकांची दुकानं. मेमध्ये ही दुकानं उघडी असूनही काउंटरवर कोणी नसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात इथंच पाय ठेवायला जागा राहत नाही. पुस्तकं-वह्या घ्यायच्या असतील तर खरं म्हणजे आत्ता घ्याव्यात, पण याद्या शाळेकडून यायच्या असतात, म्हणून कोणी घेत नाही आणि सगळे एकाच आठवड्यात येतात. करवीर नगर वाचन मंदिर, १८५० चं, याच रस्त्यावर. पंख्याखाली पेपर वाचणारी मंडळी सुट्टीतही हलत नाहीत.

दसरा चौकात राजर्षी शाहूंचा पुतळा आणि सभोवती त्यांच्या प्रोत्साहनातून उभी राहिलेली विद्यार्थी वसतिगृहं. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग अशी नावं कोल्हापुरात पत्ता सांगताना रोज येतात. परीक्षा संपल्या की ही वसतिगृहं रिकामी होतात आणि चौकातल्या चहाच्या गाड्यांचा धंदा निम्म्यावर येतो. मुख्य रस्ते सुट्टीत का ओस पडतात याचं एक साधं कारण इथं दिसतं: या शहरात सकाळ-संध्याकाळची बरीचशी वर्दळ बाहेरगावहून शिकायला आलेल्या पोरांची आहे. राजारामपुरीत हे आणखी ठळक. जनता बझार चौकापासून मुख्य रस्ता आणि त्याला लागलेल्या नंबरांच्या गल्ल्या. अभ्यासिका आणि क्लासच्या जिन्याखाली एरवी दुचाक्यांची भिंत असते, मेमध्ये जिना दिसतो. तिथं अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

शिवाजी चौकात शिवरायांचा अर्धपुतळा आहे. त्या जागी आधी विल्सन या इंग्रज गव्हर्नराचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत तो विद्रूप करण्यात आला आणि १९४५ मध्ये इथं महाराजांचा पुतळा बसला. एरवी वाहनांमुळे चौकाच्या मध्यापर्यंत जाता येत नाही, दुपारी दोनला येतं. बिंदू चौकाचंही तेच. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे, आंबेडकरांचा तर त्यांच्या हयातीत, १९५० मध्ये बसवलेला. मागे जुन्या तटाची भिंत आणि सबजेल. सभांच्या दिवशी हा चौक माणसांनी भरतो. मेच्या दुपारी तटाच्या पायथ्याशी सावलीची एक पट्टी असते आणि तिच्यात रिक्षा ओळीने लावून चालक झोपलेले असतात.

दुपारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवायचं. मेमध्ये वळीव येतो तो बहुधा तीन ते सहाच्या दरम्यान. खुणा अशा: हवा एकदम पडते, घाम वाळत नाही, पश्चिमेला सह्याद्रीच्या बाजूला ढगांचे मनोरे चढतात, मग धुळीचा लोट येतो. धूळ आली की पाऊस दहा-पंधरा मिनिटांत. रस्ता यावेळी ज्या वेगाने रिकामा होतो तसा कधीच होत नाही. हातगाडीवाले आधी माल झाकत नाहीत, आधी छत्रीचा दांडा उपटतात, कारण वाऱ्याने मोठी छत्री उलटली तर गाडीही उलटते. पथारीवाले चादरीची चार टोकं उचलून एकाच गाठीत अख्खं दुकान घेऊन पायरीवर चढतात. ताडपत्री वाऱ्याच्या दिशेने आधी बांधायची असते. नवखा दुसऱ्या बाजूने सुरुवात करतो आणि ताडपत्री शिडासारखी फुगते.

अशा वेळी झाडाखाली किंवा पाट्यांच्या खाली थांबू नये. पाटीचे पत्रे सुटतात. भवानी मंडपाची कमान चांगली, पण तिथं सगळेच येतात. वीज गेली तर यूपीआयही बऱ्याचदा अडतं, म्हणून शंभर-दोनशेचे सुटे जवळ असावेत. पाऊस अर्ध्या तासात उरकतो. त्यानंतर तासभर गर्दी येत नाही, हवा गार, रस्ता धुतलेला, आणि दुकानदार दारात उभे राहून एकमेकांशी गप्पा मारत असतात. चार दिवसांत महाद्वार रोडवर चालण्यासारखी सगळ्यात चांगली वेळ हीच, पण ती ठरवून मिळत नाही. वळीव आलाच नाही तर संध्याकाळी गाव रंकाळ्यावर जातं. तिथं भेळ, आइस्क्रीम, पाण्यावरून येणारा वारा, आणि महाद्वार रोडवर नसलेले सगळे कोल्हापूरकर.

करवंदं आणि जांभळं घ्यायची असतील तर सकाळी. डोंगराकडून येणाऱ्या बायका पाट्या घेऊन बसतात, मापाने देतात आणि दुपारच्या आत उठून जातात. करवंदं पिशवीत बांधून ठेवली तर संध्याकाळी पाणी सुटतं, पसरून न्यावीत.

बुधवार, ६ मे

शाहू महाराजांचा स्मृतिदिन. ६ मे १९२२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये, शंभराव्या वर्षी, सकाळी दहा वाजता सारं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं: गाड्या थांबल्या, दुकानातली माणसं दारात आली, चौकांत लोक उभे राहिले. या रस्त्यांनी अनेक प्रकारचं रिकामपण बघितलं आहे. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत महाद्वार रोड आठवडेच्या आठवडे ओस होता आणि महाद्वारही बंद होतं. देवळं उघडली ती त्या वर्षी १६ नोव्हेंबरला. त्या ओसाडीत माणसंच नव्हती. १०० सेकंदांच्या त्या वेळी माणसं होती, हालचाल नव्हती. आजच्या दिवशी सकाळी आधी दसरा चौकात किंवा नर्सरी बागेतल्या समाधी स्मारकाकडे जावं. तिथून साडेदहाच्या पुढं चालत देवळाकडे निघालं की सावली अंगाखाली आक्रसत जाताना दिसते.

कारण ६ मेच्या आसपासच कोल्हापुरात शून्य सावली असते. शहराचं अक्षांश साधारण १६.७ अंश उत्तर. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीपासून तो किती अंश उत्तरेला आहे ते, तेवढी झाली की माध्यान्हीला तो बरोबर डोक्यावर येतो. वर्षातून दोनदा येतो, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या वेळी कोल्हापुरात आभाळ असतं, म्हणून बघायला मिळते ती मेचीच. पुण्याला हाच योग साधारण आठवड्याने उशिरा. एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही: सूर्य रोज सुमारे पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो, म्हणजे मीटरभर काठीची सावली दिवसाला पाचेक मिलिमीटरने बदलते.

बघायचं कसं? पाण्याची बाटली उभी करून बघतात, ते फसतं. प्लास्टिकमधून ऊन वाकतं आणि खाली चकाकती रेघ दिसते. काठी धरली तर हात हलतो. उत्तम म्हणजे ओळंबा: दोऱ्याला कुलूप बांधून ते जमिनीपासून वीतभर वर लोंबतं ठेवावं. दोऱ्याची सावली कुलपाच्या सावलीत गुडूप झाली की झालं. रस्त्याच्या मधोमध करू नये, पाणी वाहून जायला रस्त्याला दोन्हीकडे उतार असतो आणि वर तारांचं जाळं. भवानी मंडपाच्या चौकातली मोकळी जागा बरी. सव्वाबारापासून बघायला लागावं. साडेबाराच्या मागेपुढे पाच मिनिटं तो क्षण टिकतो. डोक्याला टोपी हवी आणि वर बघायचं नाही.

तिथून गुजरीतून महाद्वार रोडला यावं. पावणेएकला रस्त्यावर कुठंच सावली नसते, ना पूर्वेला ना पश्चिमेला. दुकानांच्या छपरांखाली हातभर रुंदीची काळी रेघ तेवढी. फुलवाल्या मावश्या ओल्या गोणपाटाखाली गजरे झाकून मागच्या बोळात गेलेल्या. उसाच्या रसाचं चाक थांबलेलं. गुजरीत सराफांची दारं बंद, आत एसी आणि बाहेर राखणदार, खुर्ची पायरीच्या आत ओढून. पापाची तिकटी ते बिनखांबी हे अंतर यावेळी पाच-सहा मिनिटांत पार होतं, कारण कोणालाच वळसा घालावा लागत नाही. फक्त दोघांत लिटरभर पाणी संपतं.

दीडनंतर पश्चिमेच्या दुकानांच्या पायथ्याशी सावलीची पट्टी पुन्हा सुरू होते. सकाळी पूर्वेला लावलेली हातगाडी कोणीतरी येऊन पलीकडे ढकलत नेतो आणि चाकाखाली वीट लावून तिच्याखालीच आडवा होतो. तीनला पट्टी रस्त्याच्या अर्ध्यात येते. साडेतीनला पहिलं शटर वर जातं.